आईला फिरायला नेलं तेव्हा

गुरुवारी दुपारी कास्तेलमोरच्या वृद्धाश्रमातून फोन आला. एक खोली रिकामी झाली होती. पहिल्या मजल्यावरची, बागेकडे खिडकी असलेली. संचालिका मादाम विदाल म्हणाल्या, "शनिवारी तीन वाजता आईंना घेऊन या. खोली दाखवू, त्यांच्याशी बोलू. त्यांची स्वतःची सही लागते. सोमवारपर्यंत कळवलं नाहीत तर मला पुढच्यांना सांगावं लागेल." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "आईंना कल्पना आहे ना?"

"हो तर," मी म्हणाले.

आईला काडीचीही कल्पना नव्हती. फेब्रुवारीत ती स्वयंपाकघरात घसरून पडली आणि सकाळपासून पोस्टमन बाई येईपर्यंत फरशीवरच होती. मी धावत गेले तेव्हा ती खुर्चीत बसून सूप पीत होती. "पडले बिडले काही नाही," म्हणाली, "जरा खाली बसले होते." त्यानंतर दोन आठवड्यांनी गॅसवर भांडं राहून पडदा जळाला. तेव्हा मी आणि माझा धाकटा भाऊ फाब्रिस, आम्ही दोघांनी मिळून तिचं नाव यादीत घातलं. तिला नंतर सांगू, असं ठरलं. नंतर म्हणजे केव्हा, ते मात्र ठरलं नाही.

फाब्रिस राहतो नांतला, देशाच्या दुसऱ्या टोकाला. मी आजॅंला, आईच्या घरापासून तासाभरावर. म्हणून तिला सांगायचं काम माझ्याकडे आलं.

मी तिला फोन केला. "आई, शनिवारी मोकळी आहेस? कास्तेलमोर बघायला जाऊ या?"

मग ती म्हणाली, "तू? मला? कशासाठी?"

"कशासाठी म्हणजे? फिरायला."

"अगं बाई," आई म्हणाली. तिचा आवाज इतका उजळला की मला फोन ठेवून द्यावासा वाटला. आईचं घर कास्तेलमोरपासून चाळीस किलोमीटरवर, पण त्र्याऐंशी वर्षांत तिनं ते जुनं तटबंदीचं गाव आतून कधी पाहिलं नव्हतं. तिनं आयुष्यभर आलुबुखाराच्या कारखान्यात फळं निवडली आणि रविवारी घरच्या बागेत काम केलं. ती बाबांकडे कास्तेलमोरची गोष्ट काढायची आणि बाबा म्हणायचे, "दगड बघायला पेट्रोल जाळायचं? आपल्या शेतात काय कमी आहेत?"

शनिवारी सकाळी मी पोचले तेव्हा ती दारात उभी होती. निळा ड्रेस, गळ्यात मोत्यांची माळ, डोक्यावर गवती टोपी. टोपी काढून तिनं मला केस दाखवले. आदल्या दिवशी शेजारचे गृहस्थ मस्यू देल्मास, त्यांना गावात न्यायला लावून ती केस सेट करून आली होती.

"कशी दिसते?"

"छान दिसतेस."

"खरं सांग. जास्त कुरळे नाही ना झाले?"

"नाही गं."

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेभोवती लाल पेननं गोल केला होता. आत लिहिलं होतं, 'नादेजबरोबर सहल.' त्या महिन्यात त्याखेरीज दुसरी नोंद फक्त डॉक्टरांची होती. मी पाणी प्यायचं निमित्त करून पाठ फिरवली.

वाटेत ती एकसारखी बोलत होती. कोणाच्या शेतातली झाडं कोणी तोडली, कोणाच्या सुनेनं घर निळं रंगवलं. मधेच म्हणाली, "तुझ्याबरोबर शेवटची कुठं गेले होते मी? तुझ्या घटस्फोटाच्या आधी ना? दात काढायला."

"दात काढायला नेणं म्हणजे फिरायला नेणं नव्हे, आई."

"तेच म्हणते मी," ती म्हणाली आणि खूश होऊन हसली.

कास्तेलमोर टेकडीवर आहे. वळण घेतलं की एकदम तट दिसतो, मधाच्या रंगाचा, आणि त्याच्या वर चर्चचा बुटका मनोरा. गाडी खाली लावून आम्ही दक्षिण वेशीतून चढून गेलो. मी तिचा हात धरला होता, पण चढाव संपल्यावर धापा मलाच लागल्या होत्या. वेशीच्या कमानीखाली ती थांबली आणि दगडांवरून हात फिरवायला लागली.

"हे सगळं वर आणायला किती बैल मेले असतील," ती म्हणाली. "त्यांचं नाव कुठं लिहिलंय का बघ."

तटावर चढायला सत्तावीस पायऱ्या आहेत. मी म्हटलं, "आई, वर नको, गुडघे दुखतील." फेब्रुवारीनंतर मी सगळ्यांना सांगत आले होते की आईला आता पायऱ्या चढवत नाहीत. अर्जात तसं लिहिलं होतं, माझ्याच अक्षरात. तिनं टोपी माझ्या हातात दिली, कठडा धरला आणि चढायला लागली. दर पाच पायऱ्यांनी थांबे, श्वास घेई, पुढची पायरी चढे. वर पोचल्यावर बाण मारायच्या फटीला डोळा लावून ओरडली, "नादेज, ये लवकर! इथून मला कारखान्याची चिमणी दिसतेय!"

चिमणी नव्हती, पाण्याची टाकी होती. मी म्हटलं, "हो, दिसतेय."

तेवढ्यात फाब्रिसचा फोन आला. मी चार पावलं लांब गेले.

"सांगितलंस?"

"अजून नाही."

"नादेज, तीन वाजता भेट आहे. तू काय तिला दारात उभी करून सांगणार आहेस?"

"मग तू ये आणि सांग."

"मी पाचशे किलोमीटरवर आहे!"

"म्हणूनच तुझी अक्कल चालतेय," मी म्हटलं आणि फोन बंद केला. वळून पाहिलं तर आई तटाच्या कठड्याला टेकून एका डच जोडप्याचा फोटो काढून देत होती. त्यांना तिची भाषा येत नव्हती, तिला त्यांची. तिघंही मोठमोठ्यानं हसत होते. मी इकडे तिला एका खोलीत पाठवायच्या वेळा जुळवत होते.

जेवायला आम्ही चौकातल्या कमानींखाली बसलो. मी मनाशी ठरवलं, सूप येईल तेव्हा सांगायचं. सूप आलं, लसणाचं, वर अंड्याचे तंतू सोडलेलं, आणि आईनं डोळे मिटून पहिला चमचा घेतला. मग ठरवलं, बदक आल्यावर. बदकाची तंगडी तिनं हाडापर्यंत साफ केली आणि जेवण वाढणाऱ्या पोराला सांगितलं, "तुमच्या स्वयंपाक्याला म्हणावं, बटाटे माझ्यापेक्षा चांगले आहेत. बदकाचं कातडं मात्र नाही."

"आई," मी म्हणाले, "मला तुझ्याशी एक बोलायचंय."

"मलाही," ती म्हणाली. "आधी मी बोलते, नाहीतर विसरेन." तिनं तोंड पुसलं, रुमालाची घडी घातली. "मध्यंतरी मला वाटायचं, मी तुला जड झालेय. फोनवर तू नेहमी घाईत. फाब्रिसचं मी मनावर घेत नाही, तो तसाच आहे. पण तुझं लागायचं. तर ते मी चुकीचं समजत होते. एवढंच. आता तू बोल."

समोर आलुबुखाराचा टार्ट आला होता. मी म्हटलं, "काही नाही. म्हणत होते, पुढच्या वेळी समुद्रावर जाऊ."

"चालेल," आई म्हणाली. "माझा टार्ट संपव थोडा."

तीनला दहा कमी असताना मी तिला कारंज्याजवळच्या बाकावर सावलीत बसवलं आणि तिच्या हातात आइस्क्रीम दिलं. "डोकं दुखतंय माझं, औषधाच्या दुकानातून गोळी घेऊन येते. अर्धा तास लागेल, गर्दी असते."

"जा जा. मला काय, इथं बघायला भरपूर आहे."

कोपऱ्यावरून वळताना मी मागे पाहिलं. तिनं आइस्क्रीमचा हात उंचावला.

वृद्धाश्रम उत्तर वेशीजवळच्या जुन्या मठात आहे. मादाम विदालनी माझ्यामागे पाहिलं. "आई कुठं आहेत?"

"दमली जरा. तट चढलो ना आम्ही."

"तट चढल्या?" त्यांनी हातातला कागद पाहिला, मग माझ्याकडे. पण त्या सभ्य बाई. "ठीक आहे. तुम्ही तरी खोली बघून घ्या."

खोली चांगली होती, हे मला आजही मान्य करावं लागतं. पांढरी, स्वच्छ, खिडकीबाहेर अंजिराचं झाड. पण दारावर चौदा नंबरखाली पुठ्ठ्याची पाटी आधीच लावली होती. मादाम जिनेत बॉस. आईचं आडनाव 'बोस्क', लिहिलं होतं 'बॉस'. मी चूक दाखवली नाही. मादाम विदाल म्हणाल्या, "आमच्या मदतनीस जरा उत्साही आहेत. माणूस आलं की दारावर नाव दिसलेलं त्याला बरं वाटतं." मग त्यांनी हळू विचारलं, "मादाम, तुमच्या आईंना हे हवंय ना? मी इथं कोणाला जबरदस्तीनं ठेवत नाही."

"हवंय," मी म्हणाले. दोन दिवसांत त्याच बाईशी तिसऱ्यांदा खोटं बोलले.

ऑफिसात बसून मी आणखी दोन फॉर्म भरले, औषधांची यादी दिली. पाऊण तास गेला. चौकात परत आले तर बाक रिकामा होता.

आधी वाटलं, उन्हामुळे जागा बदलली असेल. कमानींखालून फिरले. चर्चमध्ये डोकावले. रेस्टॉरंटमधला तो पोरगा टेबलं पुसत होता. "निळा ड्रेस, टोपी..." मी म्हणाले.

"कातडंवाल्या आजी ना? त्यांना त्यांची मैत्रीण भेटली. चाकांचा वॉकर घेऊन फिरते ती. गळ्यात पडून रडल्या दोघी. मग तिकडे गेल्या, खालच्या गल्लीनं."

खालची गल्ली उत्तर वेशीकडे जाते. मी वरच्या गल्लीनं आले होते.

मी पळाले. पंचावन्न वर्षांची बाई, चपला हातात घेऊन, दगडी फरसबंदीवरून. पळताना डोक्यात एकच विचार होता, आणि तो आई पडली असेल हा नव्हता.

मठाच्या दारातल्या मुलीनं सांगितलं, "आर्लेतआजी पाहुणीला घेऊन वर गेल्यात, कॉफी प्यायला." आर्लेत! आर्लेत पुजोल, कारखान्यात वीस वर्षं आईच्या शेजारच्या पट्ट्यावर उभी असायची. तिला मुलानं कुठल्याशा वृद्धाश्रमात ठेवल्याचं आई मला एकदा फोनवर म्हणाली होती. मी नेहमीप्रमाणे घाईत होते. कुठल्या, ते विचारलं नव्हतं.

मी जिन्यानं वर गेले. कॉरिडॉरच्या टोकाला दोघी उभ्या होत्या. आर्लेत वॉकरवर वाकून, पाटीला नाक लावून, आनंदानं बडबडत होती. "अगं लबाडे, मघापासून बोलतेयस आणि सांगितलं नाहीस होय! मी रोज या दारावरून जाते, पण चष्म्याशिवाय मला काय दिसतंय? जिनेत, आपण समोरासमोर! पत्ते येतात ना अजून तुला?"

आई दारावरची पाटी वाचत होती. टोपी दोन्ही हातांत पोटाशी धरलेली. माझ्या पावलांचा आवाज आला तरी तिनं मान वळवली नाही.

"आई," मी म्हणाले.

तिनं पाटीवर बोट ठेवलं. "नाव तरी नीट सांगायचं होतंस," ती म्हणाली.

आणि नेमक्या तेव्हा मादाम विदाल ऑफिसातून वर आल्या. "अरे वा, मादाम बोस्क! बरं वाटतंय का आता? मुलगी म्हणाली, तुम्ही फार दमलात."

आईनं माझ्याकडे पाहिलं. दिवसभरात कधी नाही इतकं नीट, सावकाश. मला वाटलं, आता ती सगळं सांगणार. खरंतर तिनं सांगावं, असं मला वाटत होतं. कोणीतरी ते मोठ्यानं म्हणायला हवं होतं.

"हो, दमले होते जरा," आई म्हणाली. "सावलीत बसल्यावर बरं वाटलं. आता आलेच आहे तर दाखवा खोली."

माझी लाज तिनं परक्या बाईसमोर झाकली. नंतर लोकांनी मला पुष्कळ काही ऐकवलं, फाब्रिसच्या बायकोनंसुद्धा, पण त्या एका वाक्याइतकं मला काही लागलं नाही.

खोलीत तिनं खिडकी उघडून पाहिली. गादी दाबून पाहिली. रात्रीचं जेवण किती वाजता, सूप नको म्हटलं तर चालतं का, दार आतून लावता येतं का, असे प्रश्न विचारले. साडेसहाला जेवण, हे तिला मुळीच पटलं नाही. "त्या वेळी कोंबड्या जेवतात," ती म्हणाली. मादाम विदाल हसल्या आणि त्यांनी सहीचा कागद पुढे केला.

"आज नको," आई म्हणाली. "मी घरी जाऊन कळवते. मी कळवेन. ही नाही."

आर्लेतचा चेहरा पडला. आईनं तिच्या दोन्ही गालांची पापी घेतली आणि म्हणाली, "चष्मा लावत जा, गाढवे."

आम्ही खालच्या गल्लीनं उतरलो. या वेळी तिनं माझा हात धरला नाही, भिंतीला हात लावत उतरली. गाडीत बसल्यावर टोपी मांडीवर ठेवली. बराच वेळ शेतं मागे जात राहिली.

"आई, ओरड तरी माझ्यावर."

"कशाला? ऐकू येतं तुला."

"तू चार तास फरशीवर होतीस. पडदा जळाला. मला रात्री झोप लागत नाही, फोन वाजला की छातीत धस्स होतं. सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणाले असते," ती म्हणाली. "किंवा नसते म्हणाले. त्या दिवशी फरशीवर पडल्या पडल्या मी बराच विचार केला होता, नादेज. वेळ भरपूर होता. तू विचारलं असतंस तर मी काय म्हटलं असतं, ते आता तुलाही कळायचं नाही, मलाही नाही."

मी गाडी बाजूला घेतली, कारण समोरचं दिसेना. सूर्यफुलांच्या शेताशेजारी मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. आईनं पर्समधून रुमाल काढून माझ्या हातात दिला. पाठीवर हात ठेवला नाही. रुमालाला दुपारच्या लसणाचा वास होता.

घरी पोचल्यावर मी तिच्यामागून आत गेले. तिनं टोपी खुंटीला लावली, चपला बदलल्या, केसांवरून हात फिरवला. "तू निघ आता, अंधार पडेल," ती म्हणाली. जूनमध्ये दहा वाजेपर्यंत उजेड असतो.

सोमवारी तिनं स्वतः मादाम विदालना फोन करून नाही म्हणून सांगितलं. खोली दुसऱ्या कोणालातरी मिळाली. फाब्रिस माझ्यावर चिडला, मग आईवर, मग पुन्हा माझ्यावर. मी दर रविवारी जात राहिले. आई जेवायला वाढायची, गावच्या बातम्या सांगायची, कधी वाकडं बोलली नाही. मी पुन्हा पुन्हा माफी मागायला लागले की म्हणायची, "झालं ते. सॅलड घे."

नोव्हेंबरात दुसरी खोली रिकामी झाली. ते मला आर्लेतच्या मुलाकडून कळलं, तोवर आईला तिथं जाऊन आठवडा झाला होता. तिनं सगळं स्वतः केलं होतं. शेजारच्या मस्यू देल्मासनी त्यांच्या व्हॅनमधून तिची आरामखुर्ची, दोन पेट्या आणि शिवणयंत्र नेलं. मी फोन केला तेव्हा ती म्हणाली, "तुला सांगणारच होते. नंतर." ती तो शब्द मुद्दाम म्हणाली की सहज, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

आता मी शनिवारी कास्तेलमोरला जाते. ती मजेत आहे, असं सगळे म्हणतात आणि ते खरं दिसतं. तिनं आर्लेतला चष्मा लावायला लावलाय आणि रात्रीचं जेवण सात वाजता करून घेतलंय. आम्ही तटाखालून एक फेरी मारतो. भेटेल त्याला ती सांगते, "ही माझी मुलगी, दर आठवड्याला येते." तेव्हा मी खाली बघते.

मी तिला तीनदा म्हटलं, "आई, गाडी आहे, समुद्रावर जाऊन येऊ." तिन्ही वेळा ती "ऊन फार आहे" म्हणाली, त्यातल्या एकदा तर जानेवारी होता. मग मे महिन्यात कळलं, वृद्धाश्रमाची बस सगळ्यांना घेऊन समुद्रावर जाऊन आली. आईनं पाण्यात पाय बुडवले, कालवं खाल्ली, आर्लेतबरोबर फोटो काढला. तो फोटो तिच्या खोलीत लावलेला मी पाहिला.

"माझ्याबरोबर नाही आलीस," मी म्हणाले. न बोलता राहवलं नाही.

आई पत्ते पिसत होती. "बसमध्ये बसवायच्या आधी कुठं नेतायत ते सांगतात गं," ती म्हणाली आणि माझ्यासमोर सात पानं वाटली. "चल, पहिली उतारी तुझी."